मेल्या माणसाची कॉफी

लिलहोल्म बेटावर मारेन नावाच्या बायका तीन होत्या. एक पाद्रीबाबांची मारेन, एक लंगडी मारेन आणि तिसरी कॉफीवाली मारेन. ही गोष्ट तिसरीची. नाव ऐकून परक्या माणसाला वाटायचं, बाईचं कॉफीचं दुकान असेल, निदान तिच्या हातची कॉफी तरी नामी असेल. तसं काहीही नव्हतं. तिची कॉफी चारचौघींसारखीच, किंबहुना थोडी पातळच. नाव पडलं ते तिने मेलेल्या माणसाला कॉफी पाजली म्हणून. म्हणजे बेटाचं म्हणणं तसं होतं. मारेनचं म्हणणं वेगळं होतं, पण ते ऐकायला कुणी बसत नसे.

झालं होतं ते असं. महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली तरी कॉफी अजून रेशनवर होती. भाजलेल्या जवाचं काळं पाणी कॉफी म्हणून पिऊन लोक विटले होते. त्या जानेवारीत मारेनच्या नवऱ्याने, एस्किलने, कुठून तरी मूठभर खरे दाणे पैदा केले. मागच्या खोलीत सासरे योकुम अंथरुणाला खिळलेले होते. सगळा जन्म शिडाच्या जहाजावर काढलेला माणूस, आता नुसता हाडांचा सापळा. एस्किल पहाटेच बंदरावर बर्फ फोडायला गेला होता. मारेनने दाणे दळले, कॉफी केली आणि पहिला कप म्हाताऱ्याला नेऊन दिला. त्याने वास घेतला, एक घोट घेतला आणि विचारलं, "खरी आहे का गं?" खरी आहे म्हटल्यावर साखरेचा खडा दातांत धरून त्याने सावकाश कप रिकामा केला. मग आता जायला हरकत नाही, असं म्हणाला आणि घटकाभरात गेलाही. शब्दाचा पक्का माणूस.

मारेनने बेटावरची कुठलीही बाई करील तेच केलं. त्याचे डोळे मिटले, दुलई काढून अंगात धुतलेला सदरा घातला आणि खिडकी सताड उघडली. आत्म्याला जायला वाट नको का? तिथे माणूस गेला की आधी खिडकी उघडतात, रडायचं ते मागाहून. एरवीही या लोकांचा मोकळ्या हवेवर भारी विश्वास. तान्ही पोरं थंडीत बाबागाडीत घालून अंगणात झोपवतात आणि ती पोरंही मुकाट्याने गुलाबी होऊन उठतात. त्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला होता आणि समुद्र काठाकाठाने गोठला होता. वारा खोलीत शिरला आणि योकुमच्या अंगावरून मनसोक्त फिरत राहिला.

डॉक्टर आस्गर ब्रून तेव्हा बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका बाळंतपणात अडकले होते. तरुण होते, कोपनहेगनहून शिकून नुकतेच आलेले. ते निघाल्याचा निरोप दुपारी आला तशी मारेनने खिडकी लावली, शेगडी धगधगती केली आणि फरशी पुसून काढली. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला गारठलेल्या खोलीत उभं करायचं म्हणजे घराची अब्रू काय राहिली? डॉक्टर आले तेव्हा खोली उबदार होती आणि म्हातारा बर्फासारखा गार.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. पाठीवरचे जांभळे डाग पाहिले, हात कोपरात वाकवून पाहिला. माणूस इतका गार पडलेला, त्या मानाने जबडा अजून पुरता आवळला नव्हता, पण तेवढ्याकडे त्यांनी काणाडोळा केला. जबडा बेटावरचा होता आणि थर्मामीटर कोपनहेगनचा. मनाशी हिशेब करून त्यांनी सांगितलं, योकुम काल संध्याकाळीच गेलेले आहेत.

"पण सकाळी ते कॉफी प्यायले," मारेन म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलेल्या माणसाला असं वाटतं, मारेन. मनाला लावून घेऊ नका."

खोटारडी म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं. दयेशी कसं भांडणार? शिवाय म्हाताऱ्याला अंघोळ घालायला आलेली शेजारीण ओलीना दारातच उभी होती, कान टवकारून. ओलीनाचं किराणा दुकान होतं आणि तिथलं मीठ एखादे दिवशी संपायचं, बातमी कधी संपायची नाही. दिवे लागायच्या आत अख्ख्या बेटाला कळलं. आता यातून दोनच अर्थ निघत होते. एक, सुनेने रात्रभर म्हाताऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि अंगाशी येईल म्हणून कॉफीची गोष्ट रचली. दोन, सून इतकी मठ्ठ की मेलेल्याच्या तोंडाला कप लावून आली. बेटाने दुसरा अर्थ पसंत केला, कारण तो जास्त गमतीचा होता. लोक हळहळले ते मात्र कॉफीसाठी. खरी कॉफी, आणि मढ्याला पाजली! योकुमसाठी एवढं कुणी हळहळलं नाही.

एस्किल भला माणूस होता. त्याने तिला या गोष्टीवरून कधी टोचलं नाही. त्या रात्री तो फक्त एवढंच म्हणाला की डॉक्टर शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल. पुढे तो तिच्याबरोबर सुखाने नांदला, तिच्या आजारपणात उशाशी बसला, आणि शेवटी मोठ्या गावच्या इस्पितळात वारला. पण तुझं मला पटतं, असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. तेवढं एक वाक्य मारेनला हवं होतं. ते तिने मागितलंही नाही, कारण मागून मिळालेलं तिला चाललं नसतं.

डॉक्टर ब्रून यांचं नाव मात्र त्या दिवसापासून झालं. थर्मामीटर लावून काल संध्याकाळ सांगणारा डॉक्टर बेटाने यापूर्वी पाहिला नव्हता. लोक म्हणायचे, आपल्याकडे जन्मतारखेत चूक होईल, पण ब्रून डॉक्टरांनी सांगितलेली मरणाची वेळ चुकायची नाही. एकेका माणसाची मरणवेळ लोक घरात कौतुकाने सांगायचे, जशी काही ती बक्षीस मिळाली होती.

आणि मग काही वर्षांनी पाद्रीबाबांची आई वारली. डॉक्टर त्या दिवशी पलीकडच्याच घरात होते, त्यामुळे लवकर पोचले, इतके लवकर की खिडकी लावायला कुणाला वेळच झाला नाही. खोलीत पडदे फडफडत होते आणि म्हातारी डोळ्यांदेखत गार पडत होती. डॉक्टर बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत उभे राहिले म्हणे. त्यानंतर ते प्रत्येक मयताच्या घरी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारू लागले, खिडकी उघडली होती का, आणि किती वेळ. लोकांना वाटलं, डॉक्टर आपल्या रीतिभातीत रमला. मारेनच्या कानावर हे आलं तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने हातातला चिमटा खाली टाकला, पुन्हा उचलला आणि चादर टांगली. माणसाला आता कळलं आहे, तर तो येईल आणि विचारील, असं तिला वाटलं.

तो आला नाही. मारेनही गेली नाही. एकाला नाव प्यारं होतं आणि दुसरीला ताठा, आणि बेट एवढंसं असल्यामुळे दोघं रोज एकमेकांना दिसत होती.

नशिबाची खोडी अशी की एस्किल गेल्यावर मारेनला नगरपालिकेचं काम मिळालं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं खाणंपिणं पाहायचं. म्हणजे ज्या बाईला मढ्याला कॉफी पाजली म्हणून लोक हसले, तिच्याच हातची कॉफी आता निम्मं बेट पीत होतं. म्हातारे चेकाळायचे. "मारेन, ओत एक कप. अजून धुगधुगी आहे माझ्यात, नाडी बघून घे." ती हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर या लोकांना जास्तच चेव येतो हे तिला ठाऊक होतं. घरी येऊन मात्र भांडी जरा जोरात आपटायची.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले, बायको आधीच गेली होती, गुडघ्यांनी राजीनामा दिला. नगरपालिकेने त्यांच्याकडेही मारेनलाच पाठवलं. सकाळी ती जायची, काळ्या पावाला कलेजीचा लगदा फासून द्यायची, कॉफी ओतायची. बंदराकडच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून डॉक्टर बोलत राहायचे. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांना विषय दुसरा येत नव्हता.

"माणूस मेल्यावरही बराच वेळ कामात असतो, मारेन," ते म्हणायचे. ऊब कशी हळूहळू उतरते, रक्त कसं खालच्या बाजूला जमून डाग पडतात, आधी जबडा आखडतो, मग मान, मग हात, मग पाय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच क्रमाने सगळं सैल पडतं, हे ते पाव चावता चावता सांगायचे. बारीक माणूस लवकर निवतो, जाडा सावकाश. अंगावर दुलई असली तर वेगळं, नुसता सदरा असला तर वेगळं. आणि खोलीतली हवा, असं म्हणून ते नेमके तिथे अडखळायचे आणि आज बोट वेळेवर येईल का, असं काहीतरी विचारायचे. मारेन म्हणायची, येईल. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या फेब्रुवारीतल्या सकाळी डॉक्टरांचा रंग ठीक नव्हता. रात्री छातीत जड वाटलं, असं म्हणाले, आता बरं आहे म्हणाले. मारेन पाव कापत होती. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते आणि तसंच पाहत त्यांनी विचारलं, "मारेन, योकुम गेले त्या दिवशी तुम्ही खिडकी उघडली होती का?"

मारेनची सुरी थांबली.

"आधी कॉफी आणते," ती म्हणाली. "मग सांगते."

तिला आता घाई नव्हती. उभा जन्म तिने वाट पाहिली, घटकाभर डॉक्टरांनीही पाहावी. स्वयंपाकघरात तिने फडताळातले चांगले कप काढले, बायको गेल्यापासून कुणी न वापरलेले. पाणी उकळेपर्यंत काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे जुळवलं. खरं सांगायचं तर या घटकेची चव ती घेत होती, आणि का घेऊ नये? आयुष्यात एवढी एकच चव राहिली होती.

कॉफी घेऊन ती आली, कप भरला, साय घातली आणि खिडकीपाशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरांकडे पाहत तिला बोलता आलं नसतं. तिने सगळं सांगितलं. खरे दाणे, साखरेचा खडा, सासऱ्याचे शब्द, पूर्वेचा वारा. ओलीनाचं दारात उभं राहणं सांगितलं आणि एस्किल त्या रात्री बोलला ते वाक्यही सांगितलं, जे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"आणि ती खिडकी मी लावली ती तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून, डॉक्टर. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला तुम्हाला इतकी वर्षं लागली."

मग ती वळली. डॉक्टरांची हनुवटी छातीवर टेकली होती. कॉफीवर साय तशीच होती.

मारेनला आधी रडू आलं नाही, राग आला. ऐकून तरी जायचं होतं! एवढं जुळवून सांगितलं ते कुणाला? तिने त्यांचा हात धरला. हात उबदार होता, अगदी जिवंत माणसासारखा. पण डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत पाहणारं कुणी नव्हतं. मग ती खाली बसली आणि थोडा वेळ रडली. इतक्या वर्षांत त्या माणसाइतकं रागवायला तिला दुसरं कुणी मिळालं नव्हतं, आणि रोज सकाळी जाऊन ऐकत बसावं असं दुसरं घरही नव्हतं.

त्यांचे डोळे मिटून ती उठली आणि सवयीने तिचा हात खिडकीच्या कडीवर गेला. तिथेच तो थांबला.

उघडली, तर डॉक्टर गार पडणार. बाहेर पूर्वेचाच वारा होता. शेजारच्या मोठ्या बेटावरून नवी डॉक्टरीण दुपारच्या बोटीने येणार, सिग्ने हाल तिचं नाव, पोरगीच. ती काय शिकून आली असेल कुणास ठाऊक. थर्मामीटर लावील आणि म्हणेल, हे तर काल रात्रीच गेले. आणि मारेन म्हणेल, नाही हो, सकाळी माझ्याशी बोलले. बेट मग आणखी पन्नास वर्षं हसेल, मारेन मेल्यावरही हसेल. न उघडली, तर ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या जाण्याची वेळ सांगितली त्याचा आत्मा या खोलीत कोंडून पडणार, आणि तोही तिच्याबरोबर.

तिने कडीवरून हात काढला.

"थोडं थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "मी थांबलेच ना?"

तिने फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, काहीही हलवू नका, मी येते. मारेनने अंगणात जाऊन मयताची खूण म्हणून झेंडा अर्ध्यावर चढवला, कारण तेवढ्याने कुणाचं अंग गार पडत नाही, आणि येऊन समोर बसली. डॉक्टर आता आपलेच धडे तिला करून दाखवत होते. आधी बोटांची टोकं गार झाली, मग नाक. पायमोजा खाली सरकवून पाहिला तर घोटे जांभळे व्हायला लागले होते. बसल्या बसल्या गेलेले, रक्त पायांतच उतरणार. हनुवटीला हात लावला तर जबडा धरू लागला होता. "बघा, तुम्ही म्हणाला होता तस्संच," ती त्यांना म्हणाली. एकदा पडदा हलल्यासारखा वाटला तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली. आत्म्याला कळत असेल सगळं, असं तिने स्वतःला समजावलं, पण तिचं मन तिला खात होतं.

झेंडा पाहून ओलीना काठी टेकत आलीच. दुकान कधीच विकलं होतं, पण बातमीचा धंदा चालू होता. तिने डॉक्टरांपुढे मान वाकवली, मग इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं, खिडकी?"

"डॉक्टरीण आल्याशिवाय उघडायची नाही."

"मारेन, तुझं डोकं फिरलंय. त्या बिचाऱ्याला कोंडून घातलंस?"

"तू काठी टेकून बस तिथे," मारेन म्हणाली. "तेव्हाही दारात उभी होतीस. आजही ऐकून जा."

ओलीना बसली. एवढं पाहायला मिळत असताना ती उठून जाणारी नव्हतीच.

सिग्ने हाल दुपारी आली. गाल वाऱ्याने लाल झालेले, खांद्याला पिशवी. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि थर्मामीटर काढायच्या आधीच विचारलं, "खिडकी उघडली होती का? किती वेळ?"

मारेन तिच्याकडे पाहतच राहिली. सकाळपासून ज्यासाठी आत्मा कोंडून ठेवला, तो सगळा खटाटोप या एका प्रश्नापुढे फुकट गेला.

"नाही उघडली," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला कसं सुचलं विचारायचं?"

"यांनीच बजावलं होतं मला," सिग्ने म्हणाली. "मी नवी आले तेव्हा यांना भेटायला आले होते ना. म्हणाले, या बेटांवर आधी खिडकीचं विचार, मग थर्मामीटर लाव. म्हणाले, मी ते विचारलं नाही आणि एका खऱ्या बाईला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. नाव नाही सांगितलं तिचं. म्हणाले, तिच्या दारात जायचा धीर अजून होत नाही."

ओलीनाच्या तोंडून शब्द फुटला नाही. बेटाच्या इतिहासात हे प्रथमच घडत असावं. मारेन पदराने, म्हणजे आपल्या कामाच्या एप्रनच्या टोकाने, टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं.

सिग्नेने आपलं काम केलं. घोट्यावरचा डाग अंगठ्याने दाबला, तो तिथे फिका पडला आणि पुन्हा भरला. जबडा पाहिला, मान पाहिली, कोपर पाहिलं. ऊब अजून बरीच शिल्लक होती. आज सकाळीच गेले आहेत, ती म्हणाली, मारेन म्हणतात त्याच सुमाराला. मग तिची नजर टेबलावरच्या कपाकडे गेली.

"म्हणजे कॉफी दिलीत तेव्हा ते होते," ती सहज म्हणाली.

ओलीना काठीवर पुढे झुकली. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून, ओलीनाच्या देखत, मारेनला जन्मभर ऐकायचं होतं. नुसती मान हलवायची होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बेटाला कळलं असतं की मारेन जिवंत माणसालाच कॉफी देते.

"नाही," मारेन म्हणाली. "कॉफी आणायला गेले तेव्हा बोलत होते. आणली तेव्हा गेलेले असणार. मला कळलंच नाही. मी कप भरला, साय घातली, आणि उभी राहून त्यांच्याशी बोलत बसले."

"म्हणजे या खेपेला तू खरंच," ओलीना म्हणाली आणि थांबली.

"हो. या खेपेला खरंच. सांग सगळ्यांना. योकुम मात्र प्यायले होते, त्यांनी कप रिकामा केला होता. तेही सांग."

"सांगते," ओलीना म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हळू होता.

मारेन उठली आणि तिने खिडकी सताड उघडली. वारा आत घुसला, पडदा छतापर्यंत गेला, सिग्नेने कॉलर वर केली. डॉक्टरांना जायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून ती तिथेच उभी राहिली. मग तिने टेबलावरचा तो थंड कप उचलला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला. कॉफी वाया घालवायची त्या बेटावर पद्धत नव्हती.